पाहुणीला सोडायला गेलो आणि दार लागलं

आधी नाव सांगतो, मग काय झालं ते सांगतो. तिचं नाव आयलीन. आडनाव मला नीट म्हणता येत नाही, म्हणून लिहीत नाही. पांढरे आखूड केस, निळा कोट, खांद्याला जड पिशवी आणि उजवा पाय जरासा ओढत चालणं. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन शहरात लहान लेकरांच्या घरोघरी जायचं, त्यांची वाढ आणि तब्येत बघायची, ही तिची तेव्हाची नोकरी. आपल्याकडच्या आशाताईसारखी म्हणा, फक्त तिचा शब्द पार वरपर्यंत चालायचा. माझी पोरगी आज माझ्या शेजारी बसून शेंगा फोडून खातीय आणि माझ्या बायकोचं शिक्षण मधेच मोडलं नाही, ते या बाईमुळं.

मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. लिहायची सवय नाही. पण दोन महिन्यांसाठी पोरीला घेऊन गावी, ईटला आलोय, तर भेटेल तो विचारतो, तिकडं कसं हाय? मी म्हणतो, लई भारी. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. म्हणून बसून लिहितोय.

ईट

आमची खव्याची भट्टी आहे. भूम तालुक्यात अशी घरं गल्लोगल्ली, त्यातलंच आमचं एक. पहाटे दूध येतं, कढईत पडतं, आणि खवा होईपर्यंत उलथनं थांबवायचं नाही. माझी शाळा सुटली ती या कढईपायी, आणि त्याचं मला कधी फार वाईट वाटलं नाही. सुजाताचं उलटं. ती परंड्याची. लग्न झालं तेव्हा तिची बारावी झालेली, आणि पुढं शिकणारच म्हणून हटून बसलेली. आमचं बौद्धाचं घर. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "शिकती म्हंती तर शिकू दे. भिंतीवरचा फोटो काय नुसता हार घालायला लावलाय व्हय?"

ती शिकत गेली, मी दूध आटवत गेलो. मग तिला सरकारी शिष्यवृत्ती लागली. मातीवर पीएचडी, आणि तीही परदेशात. पीएचडीला जाणाऱ्याला नवरा आणि लेकरू बरोबर नेता येतं असं कळल्यावर सुजाता म्हणाली, "गेलो तर तिघंबी. न्हायतर मी जात न्हाय." आमची यशोधरा, यशू, तेव्हा तीन वर्षांची होती.

चहाच्या हॉटेलात ही बातमी आमच्या आधी पोचली होती. एकानं विचारलं, माती शिकायला तितक्या लांब कशाला, आपल्या रानातली संपली का? दुसऱ्यानं मला धरलं.

"मिलिंदराव, वहिनी शिकनार. आन् तुमी?"

"लेकरू सांभाळनार, भांडी घासनार."

"मग जाताना बांगड्या भरून जावा की."

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते कानातून गेलं नाही. सोलापूर-उमरग्याच्या पुढं मी कधी गेलेलो नव्हतो.

उमरगा

विमान हैदराबादहून होतं, म्हणून आदल्या दिवशी उमरग्याला मावशीकडं मुक्काम केला. तिच्या बोलण्यात अर्धं कानडी. तिच्या दोन पोरांचे केस पांढरे व्हायला आले तरी तिला आम्ही सगळे 'तम्मा'च, म्हणजे धाकटा भाऊ. तिनं हुग्गी, म्हणजे गव्हाची गोड खीर केली होती, वर तूप, शेजारी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. सुजाताला म्हणाली, तिकडं काय मिळंल न मिळंल, आताच भरून घे. भरून घेतलं. रात्रभर पोट जड.

दुसऱ्या दिवशी हायवेवर आम्हाला सोडायला मावशी, काका, त्यांची सून, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, आणि ज्यांना मी ओळखतही नव्हतो अशी दोन माणसं आली. ट्रकांच्या आवाजात कुणाचं काही ऐकू येत नव्हतं, तरी सगळे बोलत होते. बस हलली तर मावशी खिडकीच्या गजाला हात लावून बरोबर चालायला लागली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला तेव्हा कुठं हात सुटला.

आपल्याकडं पाहुण्याला घरातूनच 'बरंय' म्हटलं तर हाकलल्यासारखं होतं. निदान फाट्यापर्यंत जायचं, गाडी दिसेनाशी होईस्तोवर उभं राहायचं. यात कुणाला सांगण्यासारखं काही आहे, असं मला तेव्हा वाटलंही नसतं.

अ‍ॅबर्डीन

अख्खं शहर राखाडी दगडाचं. घरं, चर्च, दुकानं, सगळं एकाच खाणीतून काढल्यासारखं. पाऊस थांबून जरा ऊन पडलं की दगडातले कण चमकतात आणि तेवढ्या वेळापुरतं गाव चांदीचं होतं. मग परत राखाडी. डिसेंबरात एक दिवस दुपारी बाहेर काळोख दाटला, म्हणून मी यशूला खिडकीपासून ओढून कोपऱ्यात घेऊन बसलो. मला वाटलं मोठं वादळ आलं. सुजाता घरीच होती. म्हणाली, "अहो, दिवस मावळला." आमचा दुपारचा चहा व्हायचा होता.

समुद्रावर गेलो तर कोंबडीएवढा पांढरा पक्षी आला आणि यशूच्या हातातली पोळी घेऊन गेला. लाटाबिटा बघायच्या राहिल्या, ती पोळीसाठी रडत घरी आली.

त्याहून जड गेलं ते गप्प राहणं. आमच्या जिन्यात इतकी दारं, पण माणूस दिसायचं नाही. दिसलं तर 'सॉरी' म्हणून भिंतीला लागून उभं राहायचं. मी काय केलं, आणि हे कशाची माफी मागतायत, मला उमगेना. कुणी कुणाच्या दारात बसत नाही. कुणाकडं जायचं तर आधी विचारायचं, वेळ ठरवायची, आणि निघताना दारातच दोन शब्द की दार बंद. सुजाता सकाळी प्रयोगशाळेत जायची. मी आणि यशू, चार भिंती आणि टीव्ही. माझं इंग्रजी म्हणजे यशूच्या कार्टूनमधून उचललेलं. मला 'गुड जॉब' म्हणता यायचं, 'माझं पोट दुखतंय' म्हणता यायचं नाही.

हाताला काम पाहिजे म्हणून मी खवा करायला लागलो. तिथं दूध प्लास्टिकच्या कॅनमध्ये मिळतं, त्यातलं निळ्या टोपणाचं सगळ्यात घट्ट. म्हशीचं दूध हाताळलेल्या माणसाला ते पाणीच. कॅनभर आटवलं तर तळाला मूठभर यायचं. पण त्याचा वास आला की तेवढा वेळ मी भट्टीवर असायचो.

आणि एक भीती होती. पहिल्याच आठवड्यात तिथल्या आपल्या लोकांनी सांगितलं होतं, इथं लेकराच्या बाबतीत कायदा लई कडक, लेकराला धोका आहे असं दिसलं तर सरकार उचलून नेतं. खरं किती आणि ऐकीव किती, मला कळत नव्हतं. पण यशू जिन्यात जोरात रडली तरी मी तिच्या तोंडावर हात ठेवायचो.

तो दिवस

आयलीन येणार हे ठरलेलं होतं. सुजाताही थांबणार होती, पण तिच्या मशीनचा काही घोळ झाला आणि तिला जावं लागलं. जाताना म्हणाली, घाबरू नका, ती यशूला बघंल, वजन करंल आणि जाईल.

ती आली. बूट दारात काढले, हे बघून मला बरं वाटलं. तिनं यशूचं वजन केलं, उंची घेतली, ठोकळे रचायला दिले. माझ्याशी फोनमधून बोलली. ती इंग्रजीत बोलायची, फोन मराठीत सांगायचा, तेही वर्तमानपत्रासारखं मराठी. 'बालिका रात्री शांत निद्रा घेते का?' मी म्हणालो, घेती. मी चहा केला, आमच्या पद्धतीचा, आलं घालून. तिनं संपवला आणि अजून मागितला. यशू ठोकळ्यांवरच झोपली, तिला मी आत नेऊन निजवलं. तिकडच्या बटणाच्या चुलीवर दूध आटत होतं. बोलता बोलता मी उठून उठून ते ढवळून येत होतो. रबडीइतकं झालं होतं.

ती निघाली. कोट घातला, दारात मला हात मिळवला आणि बाय म्हणाली. मी चूल बारीक केली आणि पायात चपला सरकवून तिच्याबरोबर जिना उतरलो. ती 'नो, नो' म्हणाली. आपल्याकडंही पाहुणा नको नकोच म्हणतो. मी 'यस, यस' म्हणालो.

रस्त्यावर बारीक बर्फ पडत होता. तिची गाडी कोपऱ्यापलीकडं होती. मी एक पाऊल मागं राहून चाललो. ती भराभर चालायला लागली. मला वाटलं, थंडीत मला ताटकळावं लागू नये म्हणून घाई करतीय, तर मीही पाय उचलले. ती अजून जोरात. गाडीपाशी पोचली आणि एकदम वळली. तिचा चेहरा बदललेला होता, आणि मुठीतून किल्लीचं टोक बाहेर आलेलं होतं.

"काय पाहिजे तुला?"

एवढं इंग्रजी मला कळलं. मी हात जोडले आणि म्हणालो, "बाय. कम अगेन." आणि गाडी निघायची वाट बघत उभा राहिलो.

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग तिची नजर माझ्या पायाकडं गेली. अंगात स्वेटर नाही, पायात चपला, बोटांवर बर्फ. तिनं सावकाश विचारलं, पोरीजवळ कोण आहे?

मी म्हणालो, "स्लीप." आणि घराकडं बोट दाखवलं. ती गाडी तशीच सोडून निघाली. तिचा पाय ओढत होता तरी ती माझ्या पुढं होती.

दार लागलेलं होतं. तिथलं दार ओढलं गेलं की कुलूप आपोआप बसतं, बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. मला हे माहीतच नव्हतं. रोज जॅकेट घालून बाहेर पडायचो, किल्ली जॅकेटच्या खिशात, म्हणून कधी वेळ आली नव्हती. आज जॅकेट आत, किल्ली आत, फोन आत, यशू आत. आणि चुलीवर दूध.

मी खांद्यानं दार हाणलं. हललं नाही. खव्याचं काम ज्यानं केलंय त्याला बंद दाराआड कढईत काय चाललंय हे बघावं लागत नाही. ढवळणं थांबलं की तळ धरतो. धरला की करपतो. मग धूर. मी जिन्यात उभा राहून ते सगळं बघत होतो. आणि वास आला. आयलीनला तो साधा दुधाचा वास वाटला असेल. मी खाली बसलो.

ती तोवर अग्निशमनवाल्यांना फोनवर पत्ता सांगत होती. फोन झाला तसा तिनं दारातली पत्रं टाकायची फट उघडली. फटीतून मला बोळ दिसला, आणि वरच्या कोपऱ्यात धुराचा पातळ पदर. तेवढ्यात आतला धुराचा भोंगा वाजायला लागला.

यशू उठून बाहेर आली, कानावर हात ठेवून. "पप्पा, घर ओरडतंय."

मला वाटलं, तिला सांगावं चूल बंद कर. बटण तिला माहीत होतं. मी तोंड उघडलं तर आयलीननं माझं मनगट धरलं आणि फोन माझ्या कानाशी आणला. ती इंग्रजीत बोलली, आणि फोनमधली भाषांतराची बाई म्हणाली, "बालिकेला स्वयंपाकगृहात पाठवू नका. तिला दाराजवळ ठेवा. बोलत राहा." त्या परक्या जिन्यात ते शुद्ध मराठी ऐकून मी उघडलेलं तोंड मिटलं.

मी फटीतून दोन बोटं आत घातली. "यशे, माझं बोट धर. सोडायचं न्हाय. खाली बस."

तिनं धरलं. गरम बोटं होती.

"आता आपल्या म्हशींची नावं सांग."

"चांदी."

"अजून?"

"भुरी. पप्पा, दार उघड ना."

"उघडतो. पुढची?"

"राणी."

आयलीननं विचारलं, ती काय म्हणतीय? मी म्हणालो, बफेलो, नेम. तीही गुडघे टेकून फटीशी वाकली आणि म्हणाली, "चँडी. बुरी." यशूला ते इतकं चुकीचं वाटलं की ती रडता रडता थांबली. "चँडी न्हाय, चांदी," म्हणाली. आयलीन मुद्दाम परत चुकली. यशू परत शिकवायला लागली. भोंगा वाजत होता, धूर खाली उतरत होता, आणि माझी पोरगी एका गोऱ्या बाईला म्हशीचं नाव शिकवत होती.

जिन्यातलं एक दार उघडलं. एक म्हातारी बाहेर आली, माझ्या पायाकडं बघितलं, आत गेली, जाड लोकरी मोज्यांचा जोड माझ्याजवळ ठेवला आणि एक शब्द न बोलता उभी राहिली. ईटला असं झालं असतं तर अख्खी गल्ली जमली असती, दार मोडलं असतं, आणि मला जन्मभर शिव्या बसल्या असत्या.

अग्निशमनवाले आले. एकानं पातळ प्लास्टिकची पट्टी दाराच्या फटीत सरकवली, हिसका दिला, आणि दार उघडलं. इतकंच. यशू माझ्या गळ्याला लागली. जाळ नव्हता, धूर होता. एक जण पातेलं बाहेर घेऊन आला, त्यात कोळसा. कुणी ओरडलं नाही. एकानं यशूच्या डोक्यावर आपलं हेल्मेट ठेवलं. कुणी मला एक थप्पड मारली असती तर बरं वाटलं असतं.

नंतर

सुजाता धावत आली. कोटासकट खुर्चीत बसली, यशूला मांडीवर घेतलं. आयलीननं तिला सगळं सांगितलं, आणि शेवटी हेही सांगितलं, की झालं ते तिला वर कळवावंच लागेल. लपवता येणार नाही, आणि ती लपवणारही नाही.

ती गेल्यावर सुजातानं यशूला आत नेऊन निजवलं. मग म्हणाली, "मी सोडते सगळं. तिकिटं काढू. यशूला हात लावायच्या आत घरी जाऊ." मी म्हणालो, तू थांब, मी तिला घेऊन जातो. ती म्हणाली, तिघंबी म्हनलं होतं ना मी? त्या रात्री तिची सगळी वर्षं माझ्या डोळ्यांपुढून गेली. आबा, भट्टी, परीक्षा. सगळं एका करपलेल्या पातेल्यात गेलं.

काही दिवसांनी लेकरांच्या सुरक्षेच्या खात्यातून दोन माणसं आली, एक बाई आणि एक तरुण. आणि त्यांच्या मागं आयलीन. तिची त्या दिवशी सुट्टी होती, कोट दुसरा होता. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

त्यांनी पोरीचं झोपणं, खाणं, आमचं आपसातलं वागणं विचारलं. मग विचारलं, तुम्ही घर सोडून बाहेर का गेलात? सुजातानं मराठीत विचारलं आणि मी सांगितलं, पाहुणीला सोडायला. सुजातानं ते इंग्रजीत सांगितलं. त्यांनी विचारलं, तिनं बोलावलं होतं का? नाही. तिला रस्ता माहीत नव्हता का? होता. तिची तब्येत बरी नव्हती का? होती. मग का?

मी तोंड उघडलं, आणि आत काहीच नव्हतं. जन्मभर जे केलं त्याचं कारण मला सांगता येईना. आबा करतात, मावशी करते, सगळे करतात. हे का कारण झालं? सुजाता माझ्याकडं बघत होती, आणि तिलाही सांगता येत नव्हतं, पीएचडी करणारीला. लेकरू जाणार ते या एका प्रश्नावर, असं मला वाटलं.

आयलीन बोलली. ती सावकाश बोलली, आणि सुजातानं मला नंतर शब्दन् शब्द सांगितला.

"याची चूक झाली. पोर झोपलेली, चूल चालू, असं बाहेर जायचं नव्हतं, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगते. पण का गेला ते मी सांगते, कारण मी तिथं होते. मी म्हातारी होईस्तोवर हे काम केलं. लोक मला घाबरून आत घेतात, आणि मी बाहेर पाऊल टाकलं की माझ्या पाठीमागं दार लावतात. हा माझ्यामागं आला तेव्हा मी घाबरले. किल्ली मुठीत धरली होती मी. आणि हा माझ्या गाडीपाशी बर्फात चपला घालून उभा, मी नीट जातीय का बघायला."

ती लिहून घेणाऱ्या त्या तरुणाकडं वळली. मग म्हणाली, "दाराशी बसून यानं पोरीचा हात एकदाही सोडला नाही. हेही लिहा."

किल्ली ती माझ्यापासून वाचायला मुठीत धरून होती, हे मला सुजातानं सांगितल्यावर कळलं. मी आदर करत होतो, आणि एक बाई जीव मुठीत धरून माझ्यापुढं पळत होती. त्या दोन माणसांपेक्षा या गोष्टीनं मला जास्त हादरवलं. घरी कुणाला सांगितलं तर हसतात. मला अजून हसू येत नाही.

त्या दोघांनी आपसात बघितलं. चुलीच्या बटणांना झाकणं लावा म्हणाले, एक किल्ली शेजारी ठेवा म्हणाले, आणि आणखी एकदा येऊन बघू. मोज्याच्या म्हातारीनं किल्ली ठेवून घेतली. ते परत येऊन गेले, आणि प्रकरण मिटलं. सुजाता प्रयोगशाळेत गेली. यशू तिथल्या बालवाडीत जायला लागली.

आयलीन आता निवृत्त झालीय. तरी अधूनमधून यायची, आल्याचा चहा प्यायला. मी संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला जातो हे कळल्यावर पुस्तक घेऊन समोर बसायची आणि चुकलो की टेबलावर पेन वाजवायची. परवा तिकडून सुजाताचा फोन आला. आयलीनच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, पावसाळ्यानंतर. सुजातानं विचारलं, दवाखान्यातून घरी कोण नेणार? ती म्हणाली, टॅक्सी. घरी कोण आहे? कुणी नाही. मुलगा ऑस्ट्रेलियात. हे तिनं असं सांगितलं म्हणे, की जसं काही रोजचंच.

आबांना सांगितलं तर त्यांनी मला ते परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "एकटी बाई ऑपरेशन करून टॅक्सीनं घरी?" त्यांना परदेशातलं एवढं एकच पटलं नाही.

मी त्याआधी पोचतो. आयलीनताई, हे तुम्ही वाचू शकणार नाही, पण सुजाता सांगेल. दवाखान्याच्या दारात त्या दिवशी मी असेन. घरी नेईन, चूल पेटवीन, तुम्हाला पाय नीट टेकवता येईपर्यंत तुमच्या घरचं काम माझं. तुम्ही 'नो, नो' म्हणाल, मला माहीत आहे. आता 'का' हे सांगण्याएवढं इंग्रजी मी शिकून येतोय.